त्या एका मिनिटात पंच कुठे असतात?

शालेय बास्केटबॉलच्या सामन्यात टाइमआउट झाला की आपल्याकडचे बरेच पंच चेंडू काखेत मारतात आणि पाण्याच्या बाटलीकडे चालू लागतात. कुणी टेबलाशी जाऊन गुण विचारतं, कुणी सहकारी पंचाशी सकाळच्या सामन्याबद्दल बोलतं, कुणी मोबाइल काढतं. दोन्ही बेंचकडे पाठ असते. नेमक्या त्याच मिनिटात बारा-तेरा वर्षांच्या मुलांच्या घोळक्यात उभा असलेला मोठा माणूस काय बोलतो, कुणाचा दंड धरतो, कुणाला काय म्हणून हिणवतो, हे पाहायला अधिकार असलेलं कुणीच उरत नाही. पालक पाहतात, पण त्यांच्या हातात काही नसतं. मुलं ऐकून घेतात. ज्याच्या गळ्यात शिट्टी आहे तो दुसरीकडे बघत असतो.

मी कॉलेजात असताना पुण्यात खेळले, पुढे काही स्पर्धांमध्ये टेबलावर बसून स्कोअरशीट लिहिली, आता मुलीचे सामने पाहायला जाते. या तिन्ही जागांवरून मला एकच गोष्ट दिसत आली आहे. खेळ चालू असताना कोचवर बारीक लक्ष ठेवणारे पंच टाइमआउटमध्ये त्याला मोकळं सोडतात, आणि कोचलाही ते पक्कं माहीत असतं.

टाइमआउट म्हणजे सामन्याला लागलेली सुट्टी, हा समजच चुकीचा आहे. फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या नियमांनुसार प्रत्येक संघाला पहिल्या दोन क्वार्टरमध्ये मिळून दोन, पुढच्या दोनमध्ये मिळून तीन आणि जादा वेळेच्या प्रत्येक सत्रात एक टाइमआउट मिळतो. चौथ्या क्वार्टरच्या शेवटच्या दोन मिनिटांत त्यांतले जास्तीत जास्त दोनच घेता येतात. प्रत्येक टाइमआउट एका मिनिटाचा. ५० सेकंद झाले की टेबलावरून भोंगा वाजतो आणि पंचांनी संघांना कोर्टवर बोलवायचं असतं. या मिनिटात खेळाचं घड्याळ थांबतं, पंचांचे अधिकार थांबत नाहीत. गैरवर्तनासाठी टेक्निकल फाउल देता येतो, कोचला बाहेर काढता येतं. एरवी मुख्य कोच किंवा पहिला सहायक यांपैकी एकालाच उभं राहायची परवानगी असते. टाइमआउटमध्ये सगळा बेंच उभा राहतो आणि कोर्टवरही येऊ शकतो, अट एवढीच की आपल्या बेंचच्या आसपास राहायचं. म्हणजे माणसं सगळ्यात मोकळी आणि सगळ्यात तापलेली असतात ती याच वेळी. पंचांच्या प्रशिक्षणातही हेच शिकवलं जातं: खेळ जिथून सुरू व्हायचा तिथे चेंडू जमिनीवर ठेवा, ठरलेल्या जागी उभे राहा, तोंड टेबलाकडे ठेवा. दोन्ही बेंच टेबलाच्याच बाजूला असल्यामुळे तिथून सगळं दिसतं. आपसात बोलायचं असेल तर तिथूनच बोला, नजर मात्र समोर. यात अवघड काही नाही. पाणी प्यायला एका वेळी एकाने गेलं तरी भागतं.

कोच पंचांशी हुज्जत घालतो ते प्रकरण त्यामानाने सोपं आहे. टाइमआउट मिळाला की काही कोच मुलांकडे न जाता थेट मध्यावर येतात आणि मागच्या फाउलचा हिशेब मागू लागतात. चेंडू मृत, म्हणजे खेळाबाहेर असताना आणि घड्याळ थांबलेलं असताना कर्णधाराला पंचांकडे सभ्यपणे माहिती मागता येते. पंचांनी कोचला एका वाक्यात उत्तर द्यावं आणि पुढचं कर्णधारामार्फत विचारायला सांगावं. कोच पुढे सरकला तर पंचांनी तोंड न फिरवता चार पावलं मागे जावं. वाद घालण्यात तो स्वतःचीच ६० सेकंदं घालवतो आहे, हे त्याला लवकर उमगतं. तरीही थांबला नाही तर टेक्निकल. यावर फार लिहिण्यासारखं नाही, कारण स्वतःचा अपमान झाला की बहुतेक पंच शिट्टी वाजवतातच.

टेबलाच्या बाबतीत मात्र ते ढिले पडतात. आपल्याकडे स्थानिक स्पर्धांत टेबलावर बसतात ती बहुधा कॉलेजातली मुलं-मुली. दिवसभर ऊन, लागोपाठ सामने, हातात पेन. टाइमआउट सुरू झाला की एखादे ज्येष्ठ सर टेबलावर दोन्ही हात टेकून उभे राहतात: आठ नंबरचा चौथा फाउल कसा? तो तर सात नंबरचा होता! नीट लिही! ज्या मुलीने ते लिहिलेलं असतं तिने पंचांची खूण पाहूनच लिहिलेलं असतं. पण समोर उभा आहे तो शहरातला नावाजलेला कोच, कदाचित तिच्या स्वतःच्या शाळेतलाच. तिचा हात थरथरतो. मी त्या खुर्चीत बसलेली आहे. त्या वेळी एखादा पंच नुसता टेबलापाशी येऊन उभा राहिला तरी केवढा आधार वाटतो, हे मला माहीत आहे. टेबलाकडून माहिती मागायचा हक्क कोचला आहे, नोंद बदलून घ्यायचा नाही. शंका असेल तर ती पंचांनी ऐकायची, टेबलावरच्या मुलांनी नाही. टाइमआउटमध्ये कोच टेबलाकडे वळला की पंचांपैकी एकाने तिकडे जायचं, हा साधा रिवाज पुण्यातल्या प्रत्येक स्पर्धेत पडायला हवा.

आता मुलांबद्दल. माझं खरं म्हणणं इथेच आहे.

मध्यंतरी १४ वर्षांखालच्या मुलींचा एक सामना पाहत होते. शाळेचं आणि स्पर्धेचं नाव इथे नको. एका मुलीचे लागोपाठ दोन ले-अप, म्हणजे बास्केटजवळ जाऊन मारलेले सोपे शॉट, हुकले आणि तिच्या सरांनी टाइमआउट घेतला. बाकी चौघींना त्यांनी काही सांगितलंच नाही. हिच्या जर्सीचा गळा मुठीत धरून तिला जवळ ओढलं आणि म्हणाले, “इथं मिरवायला आलीयेस का? तुझ्या आईला फोन करून सांगतो, हिला घरीच बसवा.” ती मान हलवत राहिली. एक पंच बोटावर चेंडू फिरवत होता, दुसरा पाणी पीत होता. सामना पुन्हा सुरू झाला तेव्हा त्या मुलीने बास्केटकडे पाहणंच सोडून दिलं. चेंडू हातात आला की जळल्यासारखा दुसरीकडे द्यायचा. मग सर ओरडायला लागले, शूट का करत नाहीस!

ती जर्सी एखाद्या प्रतिस्पर्ध्याने अशी धरली असती तर त्याच पंचांनी क्षणात शिट्टी वाजवली असती.

“आपल्याच खेळाडूला बोलला, आपण कशाला मध्ये पडायचं?” हे उत्तर मी अनेक पंचांकडून ऐकलं आहे. नियमपुस्तकात त्याला आधार सापडत नाही. टेक्निकल फाउलच्या कलमात पंच, टेबलावरचे अधिकारी आणि प्रतिस्पर्धी यांच्याबरोबरच बेंचवर बसण्याची परवानगी असलेल्या व्यक्तींशी अनादराने वागण्या-बोलण्याचाही उल्लेख आहे. त्या व्यक्ती समोरच्याच संघाच्या असायला हव्यात, असं काही तिथे म्हटलेलं नाही. मी त्याचा अर्थ सरळ लावते: टाइमआउटमध्ये बेंचवर बसलेली ती मुलगीही त्यात येते. समजा हा अर्थ कुणाला पटला नाही, तरी शिक्षण हक्क कायदा आहेच. २००९च्या त्या कायद्याचं १७वं कलम मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ करायला साफ मनाई करतं. शालेय संघाचा कोच बहुतेक वेळा त्याच शाळेतला क्रीडाशिक्षक असतो. वर्गात ज्या हाताने त्याने मुलीला धरलेलं चालत नाही, तोच हात कोर्टच्या पांढऱ्या रेषेपाशी आल्यावर चालावा, याला काय कारण आहे?

कारण म्हणून जे सांगितलं जातं ते मी गंभीरपणे घेते, कारण ते सांगणारी माणसं वाईट नाहीत. पालकही सांगतात, “सर कडक आहेत हो, पण तळमळीचे आहेत.” तळमळ खरीच असते. पहाटे साडेपाचला कोर्ट झाडून घेणारे, स्वतःच्या खिशातून मुलांना बूट घेऊन देणारे सर या शहरात आहेत, आणि त्यांच्यामुळेच इथला खेळ टिकला आहे. आवाज चढवण्यालाही माझी हरकत नाही. कोर्टभोवती गोंगाट असतो, मिनिट पटकन संपतं, “डिफेन्समध्ये झोपलात का सगळे?” हे ओरडून सांगितलं तर त्यात गैर काय? आक्षेप आहे तो एका मुलाला निवडून त्याचा अपमान करण्याला, त्याच्या अंगाला हात लावण्याला, त्याच्या रंगावर, वजनावर, घरावर, जातीवर बोलण्याला. हे आणि ते यांतला फरक दहा पावलांवरूनही कळतो. पंचांना प्रत्येक शब्द ऐकू यायलाच हवा असं नाही. मुठीत धरलेली जर्सी बघायला कान लागत नाहीत.

“धाकाशिवाय खेळाडू घडत नाही” हे तर आपल्याकडे अंगात मुरलेलं आहे. अमेरिकेतले कोच बॉब नाइट यांचं उदाहरण त्यासाठी नेहमी दिलं जातं, कारण इंडियाना विद्यापीठाला त्यांनी तीनदा राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं. १९८५ मध्ये भर सामन्यात त्यांनी कोर्टवर खुर्ची भिरकावली आणि पंचांनी त्यांना बाहेर काढलं. विद्यापीठाला मात्र त्यांना काढायला २००० साल उजाडलं. सरावात एका खेळाडूचा गळा धरल्याची १९९७ची चित्रफीत त्याच वर्षी लोकांसमोर आली होती. त्या सगळ्या वर्षांत त्यांना जागच्या जागी थांबवलं ते पंचांनीच. जिंकणाऱ्या माणसाला बाकीचे सांभाळून घेतात. आणि जिंकण्याचीच गोष्ट असेल तर त्यांच्याआधी कोच जॉन वुडन होते: १९६४ ते १९७५ या काळात यूसीएलए या लॉस एंजेलिसमधल्या विद्यापीठाची दहा राष्ट्रीय विजेतेपदं. १९७४-७५च्या मोसमात दोन मानसशास्त्रज्ञांनी त्यांच्या सरावाला बसून त्यांच्या तोंडून निघणाऱ्या प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवली. त्यातला सुमारे तीन चतुर्थांश भाग निव्वळ शिकवण्याचा होता, काय करायचं आणि कसं करायचं एवढंच. रागावणं फार थोडं होतं, कौतुकही थोडंच. आपल्या सरांनी हे मुद्दाम वाचावं असं मला वाटतं.

आणखी एक गोष्ट अलीकडे वाढली आहे. युरोलीग या युरोपातल्या व्यावसायिक क्लब स्पर्धेच्या प्रक्षेपणात टाइमआउटमधलं कोचचं बोलणं माइकवरून ऐकवतात. नऊ वेळा युरोलीग जिंकलेले कोच झेल्को ओब्राडोविच लालबुंद होऊन खेळाडूंवर बरसतात, त्याच्या चित्रफिती आपल्या मुलांच्या आणि सरांच्याही मोबाइलवर फिरतात. प्रो कबड्डीच्या टाइमआउटमध्येही कोच काय बोलतात ते घरोघरी ऐकू येतं. त्यातून असा समज होतो की मोठा कोच म्हणजे असाच. पण ओब्राडोविच यांच्यासमोर उभे असतात ते करार केलेले, घसघशीत मानधन घेणारे, पटलं नाही तर संघ बदलू शकणारे प्रौढ पुरुष. सातवीतली मुलगी शाळाही बदलू शकत नाही. म्हणून प्रौढांच्या सामन्यात पंचांनी कोच आणि त्याच्या संघातल्या बोलण्यात पडू नये, हे मला मान्य आहे. तिथे पंच, टेबल, प्रतिस्पर्धी आणि प्रेक्षक यांच्यापुरतं पाहिलं की पुरे. पण १४ आणि १७ वर्षांखालच्या सामन्यांत मापं वेगळी लावावी लागतील. नियमपुस्तक एकच असलं तरी ते वापरणाऱ्याला समोर कोण उभं आहे हे दिसायला हवं.

टाइमआउटचं मिनिट हे कोचचं खासगी मिनिट आहे, हा समजही फार जुना नाही. बास्केटबॉलचे जनक जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला जे १३ नियम लिहिले त्यांत कोच नव्हताच. १९१०-११च्या अमेरिकी नियमांत तर खेळ चालू असताना कुणीही कोचिंग करायचं नाही असं घातलं गेलं; पहिल्यांदा ताकीद, त्यानंतर प्रतिस्पर्ध्याला फ्री थ्रो, म्हणजे कुणी न अडवता बास्केट करायची संधी. तिथल्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये टाइमआउटमध्ये खेळाडूंशी बोलायची परवानगी कोचला मिळाली ती १९४८-४९ मध्ये. त्याआधी ते मिनिट खेळाडूंचं होतं, त्यांनीच एकमेकांशी बोलायचं आणि ठरवायचं. खेळाने नियम करून कोचला ते दिलं आहे, आणि नियमाने दिलेल्या गोष्टीवर नियमाची नजर राहणारच.

मग पंचांनी नेमकं करायचं काय? माझ्या मते सुरुवात सामन्याआधी व्हावी. दोन्ही कोचशी हात मिळवताना मुख्य पंचाने शांतपणे सांगावं की टाइमआउटमध्येही आम्ही पाहत असतो आणि मुलांना हात लावलेला चालणार नाही. एवढ्यानेच निम्मं काम होतं. नंतर टाइमआउटमध्ये एखाद्याचा तोल जाताना दिसला, पण अजून मर्यादा ओलांडलेली नाही, तर घोळक्यात शिरू नये. त्या संघाची आखणी ऐकण्याचा हक्क पंचाला नाही आणि समोरच्या संघालाही तसा संशय यायला नको. ५० सेकंदांचा भोंगा वाजला की संघाला बोलवायला पंच जवळ जातोच. मुलं कोर्टकडे वळली की कोचच्या बाजूला उभं राहून, हात न उगारता, आवाज न चढवता म्हणावं: “सर, तिला असं बोलू नका. पुढच्या वेळी टेक्निकल देईन.” मुलांसमोर कोचची लाज काढायची नाही, पण ताकीद मोघमही ठेवायची नाही. ताकीद देऊन टेक्निकल टाळावा अशी मुभा नियमांनी पंचांना दिलीच आहे. ती दिली की सहकाऱ्याला सांगावं, म्हणजे पुढे दोघांचं एकमत राहतं.

अंगाला हात लावला, शिवी दिली, जातीवरून किंवा शरीरावरून बोललं, तर मात्र ५० सेकंदांची वाट पाहायची नाही. तिथल्या तिथे शिट्टी आणि कोचच्या नावावर टेक्निकल. त्या मुलीला, आणि तिच्या शेजारी उभ्या असलेल्या बाकी मुलींना, हे चुकीचं आहे असं म्हणणारं कुणीतरी मोठं माणूस मैदानावर आहे हे त्याच क्षणी दिसायला हवं. सामन्यानंतर बाजूला घेऊन समजावलं तर कोचला कदाचित कळेल, मुलींना कळणार नाही.

यावर पंच एक अडचण सांगतात आणि ती खरी आहे. कोचच्या स्वतःच्या गैरवर्तनाचे दोन टेक्निकल झाले की त्याला बाहेर जावं लागतं. बऱ्याच शाळांच्या संघाबरोबर एकच शिक्षक आलेला असतो. नियमानुसार पहिला सहायक मुख्य कोच होतो आणि तोही नसेल तर कर्णधार. म्हणजे तेरा वर्षांच्या मुलीने खेळायचं आणि संघही चालवायचा. शिवाय बाहेर काढलेल्या कोचने ड्रेसिंग रूममध्ये थांबावं किंवा ती जागा सोडून जावं, असं नियम म्हणतो. शाळेच्या उघड्या मैदानावर ड्रेसिंग रूम कुठली? तो जाळीपलीकडे उभा राहून दुप्पट ओरडतो. म्हणून पंच पहिलाच टेक्निकल द्यायला कचरतात. मला यातून उलटा निष्कर्ष दिसतो. पहिल्या क्वार्टरमध्ये दिलेली ताकीद आणि वेळेवर दिलेला पहिला टेक्निकल यांमुळेच दुसऱ्याची वेळ सहसा येत नाही. आणि आयोजकांनी प्रत्येक संघाबरोबर दुसरा एक जबाबदार प्रौढ असण्याची अट प्रवेशिकेतच घालावी. मुलींच्या संघाबरोबर तर एक बाई असायलाच हव्यात.

“शिक्षा शेवटी पोरांनाच होते, गुण त्यांचा जातो.” हेही म्हटलं जातं. पूर्वी टेक्निकलला दोन फ्री थ्रो आणि वर चेंडूचा ताबा जायचा. आता एकच फ्री थ्रो आहे आणि खेळ थांबला होता तिथूनच पुढे सुरू होतो. कोचच्या नावावर गेलेला टेक्निकल संघाच्या फाउलमध्येही धरला जात नाही. एक गुण. त्या मुलीने त्या सामन्यात सोडून दिलेल्या शॉट्सपेक्षा तो नक्कीच कमी आहे.

पण हे सगळं एकट्या पंचावर टाकून चालणार नाही. शालेय स्पर्धांवर बरंच काही अवलंबून असतं. दहावी-बारावीला क्रीडागुण मिळतात, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, शाळेची आणि सरांची प्रतिष्ठा पणाला लागलेली असते. हा ताण टाइमआउटच्या मिनिटात मुलांवर निघतो. दुसरीकडे पंच मिळेल त्या मानधनावर दिवसाला चार-पाच सामने काढतो. शहर मोठं असलं तरी बास्केटबॉलचं जग लहान आहे. आज ज्या कोचला टेक्निकल द्यायचा तोच उद्या एखाद्या स्पर्धेचा आयोजक असतो आणि पंच कोण हेही तोच ठरवतो. अशा पंचाने धाडस दाखवावं असं आपण म्हणतो, तेव्हा त्याच्या पाठीशी कोण उभं राहणार हे आधी ठरवायला हवं. ज्यांचा संघ स्पर्धेत आहे त्यांचा पंचांच्या नेमणुकीत हात नसावा. पंचाने कोचच्या वर्तनाबद्दल अहवाल लिहिला तर तो शाळेच्या मुख्याध्यापकांकडे स्पर्धा संपण्याआधी पोचावा. या शहरात १९९४च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी बालेवाडीचं संकुल उभं राहिलं, २००८ मध्ये राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या, २०१९ मध्ये खेलो इंडिया झालं. एवढ्या स्पर्धा पार पाडणाऱ्या गावाला अहवालाचा एक कागद वेळेत पोचवणं जड नाही.

मोसम सुरू होण्याआधी संघव्यवस्थापकांची बैठक होते. तिथे गटवारी, ओळखपत्रं, जर्सीचे रंग यांवर तासभर बोलणं होतं. त्याच बैठकीत दहा मिनिटं टाइमआउटमधल्या वर्तनासाठी ठेवा, काय चालेल आणि काय चालणार नाही ते सगळ्या सरांसमोर वाचून दाखवा, आणि बैठकीला पालकांच्या एका प्रतिनिधीलाही बोलवा. माझ्या मुलीच्या शाळेतून कुणी जायला तयार नसेल तर मी जाईन. आणि ज्या पंचाने एखाद्या मुलीसाठी शिट्टी वाजवली, त्याला पुढच्या स्पर्धेला बोलावलं का, हेही विचारीन.